कडीतलं दान

या, अशा पुढं सरकून बसा. खांबाला टेकून बसणाऱ्याच्या डोक्यावरून कीर्तन निघून जातं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, आणि ही गोष्ट कीर्तनाच्या घरातली आहे. मी बुवा नव्हे. माझ्यापाशी वीणा नाही, मागं झांज धरणारं कुणी नाही. चांगलं कीर्तन कुठं आहे असं कळलं, की भाकरी बांधून तिकडं जाणारा एक श्रोता, एवढीच माझी ओळख. पण एक शब्द देतो. ऐकून उठाल तेव्हा तहान लागलेली असेल, आणि तांब्या तोंडाला लावण्याआधी तुमचा हात जरासा थांबेल. तेवढी माझी बिदागी.

तर वैशाखातली दुपार आहे. घळवाडीच्या सिद्धनाथ मठाचं अंगण असं तापलंय, की कावळाही चिंचेखालून हलत नाही. गाभाऱ्याला लागून जी खोली आहे, तिच्यात गोदाक्का चटईवर डाव्या कुशीला आडवी झाली आहे. झोपायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलंय. नुसती पाठ टेकायची. उन्हं कलली की जीप येणार आहे. जीपमधून शहरातल्या कॉलेजातल्या, जुन्या लिप्या वाचणाऱ्या केंकरे बाई उतरणार, त्यांच्यामागून तांबट उतरणार, आणि तांबटाच्या पिशवीत करवत असणार.

तिच्या उशाशी चौरंग आहे. चौरंगावर लाल फडक्याखाली ताम्रपट.

तीन जाड तांब्याची पत्रं, एका कडीत ओवलेली. कडीच्या जोडावर बसलेल्या नंदीची मुद्रा. कुण्या जुन्या राजानं मठाला दिलेलं हे दानपत्र. बाहेरच्या दोन्ही बाजू कोऱ्या, अक्षरं सगळी आतल्या अंगाला. मुद्रेचा ठोकळा आड येतो, म्हणून पत्रं बोटभर उघडतात आणि तिथंच अडतात. फटीला डोळा लावला तर मुगाच्या डाळीसारखं काहीतरी बारीक बारीक सांडलेलं दिसतं. ते वाचणारा घळवाडीत कधी जन्मला नाही.

पण म्हणून ताम्रपट मुका राहिला, असं नाही हं. घळवाडीत तो वाचत नाहीत, ऐकतात. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मठात कीर्तन. पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, की बुवा कडीला धरून ती पत्रं उचलतात आणि झुलवतात. छन्न्! मंडपातली माणसं हात जोडतात. बायका लेकरांची तोंडं तिकडं वळवतात. मग बुवा राजाचं आख्यान लावतात: राजानं मठाला काय काय दिलं ते. याला म्हणायचं ‘दान ऐकवणं’. गोदाक्काचे यजमान विश्वंभरबुवा यांनी उभं आयुष्य ते ऐकवलं, आणि त्यांच्यामागं झांज धरून गोदाक्का उभी राहिली.

बुवा गेले त्याला आता वर्ष होईल. मठाची किल्ली गोदाक्काच्या कमरेला आली, आणि किल्लीबरोबर हे भांडण आलं.

मठाच्या अंगणात, चिंचेच्या पलीकडं, पायऱ्या उतरून गेलं की झरा आहे. खालवाडीच्या बायका तिथून पाणी नेतात. का नेतात? कारण बुवा दर साली आख्यानात सांगायचे: “आणि राजानं पाणी दिलं. म्हणाला, हे माझं नाही, मठाचंही नाही. जो ओंजळ पुढं करील त्याचं!” आता झऱ्याची धार बारीक झाली आहे. बुवांचे धाकटे बंधू शंभूनाथ यांनी मठाच्या रानात केळी लावली आहे. त्यांना झऱ्यावर पंप बसवायचाय आणि पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी दार.

गावच्या बैठकीत ते म्हणाले, “दादानं कीर्तनात सांगितलं म्हणून पाणी सगळ्यांचं? उद्या मी कीर्तनात सांगेन, राजानं मला हत्ती दिला होता. आणून द्याल? फोडा ती कडी. आत निघेल ते मला मान्य.”

लोक हसले. आणि बायकांच्या घोळक्यातून गोदाक्का ताडकन उठली. “मलाही मान्य. माझ्या माणसाचा शब्द आणि राजाचा शब्द निराळा निघायचा नाही!”

टाळ्या पडल्या. खालवाडीची हौसाबाई तर पुढं येऊन तिच्या पाया पडली. “आक्का, तुमच्यामुळं लेकरं पाणी पित्यात.”

त्या दिवसापासून गोदाक्काच्या घशाखाली घास नीट उतरलेला नाही.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक आहे, जी तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. लग्न होऊन आली तेव्हा आख्यानात पाणी नव्हतं. शेत होतं, नंदादीपाचं तेल होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढायचा भात होता. मग एक कोरडं साल आलं. दान ऐकवायच्या दिवशी खालवाडीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन मठाच्या दाराबाहेर उभ्या होत्या. त्या काळी त्यांना आत यायची मुभा नव्हती. पत्रं झुलवता झुलवता बुवांची नजर त्यांच्यावर गेली. मृदंगवाला थांबून राहिला. आणि बुवा म्हणाले, “आणि पाणी दिलं.”

मागं गोदाक्काची झांज चुकली. तेवढी एकदाच, साऱ्या आयुष्यात.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना मठाचं दार उघडलं. तिनं नवऱ्याला कधी विचारलं नाही. ताम्रपट कुणी वाचणारच नव्हतं, तर विचारायचं कशाला?

आता आज वाचणार आहेत. पत्रात पाणी नसलं, तर दार बसेल. आणि साऱ्या गावासमोर तिचा माणूस खोटा ठरेल. केंकरे बाई भल्या आहेत. त्यांनी आधीच सांगितलंय, “कडी कापल्याशिवाय अक्षरांचे ठसे कागदावर घेता येत नाहीत. पण तुमची मर्जी नसेल तर मी हात लावणार नाही, अक्का.” म्हणजे नाही म्हणायची सोय आहे. पण नाही म्हटलं, की शंभूभावजी चावडीवर सांगत सुटतील, वहिनी घाबरल्या.

होय म्हणावं, तरी बुडालं. नाही म्हणावं, तरी बुडालं.

छताच्या वाशावर मुंगळ्यांची रांग चाललीय. गोदाक्का ती बघतेय. रांग चालता चालता ओळ होते, ओळीची अक्षरं होतात, मुगाच्या डाळीएवढी. ती वाचायला जाते. पापणी जड होते. अंगणात कुठंतरी लोखंडावर लोखंड वाजावं तसा आवाज येतो. ठक. ठक.

“गोदा, माझा फेटा कुठं ठेवलास?”

उंबऱ्यावर विश्वंभरबुवा बसले आहेत. अंगात कीर्तनाचा अंगरखा, गळ्यात उपरणं, कपाळाला बुक्का. डोकं तेवढं बोडकं. केस ओले आहेत, जसे काही आत्ता नाहून आलेत.

ते गेलेत हे गोदाक्काला पक्कं ठाऊक आहे. समाधीवर मूठभर माती तिनं स्वतः टाकली. पण माणूस फेटा मागतोय, तर आधी त्याला उत्तर द्यायला नको का?

“तुमच्याबरोबरच दिला की हो.”

“तो नको. त्याला मातीचा वास येतो.”

“आणि उठा तिथनं. उंबऱ्यावर बसू नये.”

“मेलेल्यानं कुठं बसावं, याचं काही शास्त्र आहे होय?”

“असेल. शंभूभावजींना विचारा. त्यांना सगळी शास्त्रं येतात.”

बुवा हसतात. तेच हसू, शेवटी खोकल्यात विरणारं.  गोदाक्का उठून बसते, पदर सावरते, आणि ती हसत नाही. हसायला वेळ नाही. जीप निघाली असेल.

“एक विचारू?”

“आख्यान चालू असताना विचारू नये.”

“तुमचं आख्यान कधी संपलंय? मी आताच विचारते. ते पाणी. तुम्ही ते पदरचं घातलंत ना?”

 चौरंगावरचं फडकं आपसूक बाजूला झालंय. बुवा कडीला धरून पत्रं उचलतात. छन्न् होत नाही. पत्रं कापडाची असावीत तशी गुपचूप लोंबतात.

“झांज घे,” ते म्हणतात. “चल.”

उंबऱ्यापलीकडं स्वयंपाकघर असायला हवं. स्वयंपाकघरच आहे. फळीवर डबे आहेत, शिंकं आहे, तिच्या हातचं लोणचं आहे. पण चुलीच्या जागी झरा वाहतोय. निखाऱ्यांमधून पाणी येतंय आणि निखारे विझत नाहीत. भिंतीला धरून बायका उभ्या आहेत. हौसाबाई आहे, हौसाबाईची आई आहे. ती तर केव्हाच गेली. तिच्यामागं तिची आई असणार, तिच्यामागं तिची. रांग मागच्या दारातून बाहेर गेली आहे आणि उन्हात कुठवर गेली आहे ते दिसत नाही. सगळ्यांच्या कमरेवर घागरी. एकही मान वर करत नाही.

“या अशा का उभ्या?” गोदाक्का कुजबुजते.

“वाट बघतायत.”

“कशाची?”

“पत्रात काय निघतं त्याची. तूच तर शब्द दिलास.”

ठक. ठक. आवाज जवळ आलाय.

“कुणीतरी दार ठोकतंय. जीप आली.”

“दार नाही ते. पुढं बघ.”

स्वयंपाकघराची भिंत कुठं गेली ते कळत नाही. कीर्तनाचा मंडप आहे. खांब ओळखीचे आहेत, सण आला की तीच त्यांना तेल पुसते. पण आज खांब जास्त आहेत. जिकडं बघावं तिकडं खांब, आणि खांब श्वास घेतायत. पेटी ठेवायच्या जागी राजा बसलाय. तो राजा आहे हे कुणी सांगावं लागत नाही. त्याचं तोंड दिसत नाही, फेट्याचा शेव तोंडावरून घेतलाय. आणि फेटा बुवांचा आहे. कडेला जळका डाग आहे, उदबत्तीनं पडलेला. तो डाग गोदाक्कानं स्वतः रफू केला होता.

“अहो, तुमचा फेटा!”

“श्श. आता त्याच्याकडं असू दे.”

राजाच्या मांडीवर तांब्याचा एक गोळा आहे. ओबडधोबड, वितळून थिजलेला.

“माझ्या आजोबांनी मठाला पत्र दिलं होतं,” राजा बोलतो. आवाज विहिरीतून यावा तसा येतो. “मठाला आग लागली, पत्राचा हा असा गोळा झाला. आजोबांनी दिलेलं मी पुन्हा देतो, पक्कं करून देतो. पण काय दिलं होतं? सांगा. आठवतंय त्यांनी सांगा.”

राजाच्या पायाशी एक जण मांडी घालून बसलाय. पुढ्यात तांब्याचं पत्र, हातात छिन्नी आणि हातोडी. ठक. ठक. तेच ते.

मठाचा स्वामी पुढं येतो. त्याचं नाक हुबेहूब शंभूभावजींचं आहे. “महाराज, शेत दिलं. ओढ्यापासून वडापर्यंत.”

ठक ठक ठक.

“नंदादीपाला तेल दिलं. वाटसराला भात दिला.”

ठक ठक ठक.

“आणि हे कुणी हिसकावेल तर त्याला काय काय व्हावं, तेही लिहावं महाराज. तो किडा होवो. तो तहानेच्या जन्माला जावो. त्याचा वंश…”

स्वामी शाप सांगत राहतो. छिन्नी चालत राहते. गोदाक्काच्या हातातली झांज घामानं निसटायला लागते. ती शाप मोजत नाही, ती वाट बघतेय. आता म्हणेल. आता तो शब्द येईल. शाप संपतात. स्वामी नमस्कार करून मागं सरतो.

“संपलं?” राजा विचारतो.

  गोदाक्का बुवांकडं बघते तर ते खाली मान घालून उपरण्याचं टोक पिळतायत. त्यातून पाणी गळतंय.

“आणि पाणी.”

सगळे खांब वळतात. मागं, जोडे काढायच्या जागी, एक बाई उभी आहे. कमरेवर मातीचा घडा. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. तरणी आहे की म्हातारी ते कळत नाही.

“कोण बोललं?” स्वामी ओरडतो.

“मी बोलले. पाणी राहिलं सांगायचं. तुमच्या ध्यानात नसेल स्वामी, तुम्हाला आयतं मिळतं.”

“साक्ष कुणाची?”

“घड्याची. रोज भरतोय.”

“हिचं नाव घालायचं काय राजपत्रात?” स्वामी हसतो. खांबही हसतात, लाकूड तडकावं तसे.

राजा हसत नाही. तो कोरणाऱ्याकडं वळतो. “कोर. पाणी.”

कोरणारा पत्र उचलतो, उजेडाकडं धरतो, उलटसुलट करतो. मग अपराध्यासारखा मान हलवतो.

“महाराज, जागा नाही.”

“म्हणजे?”

“शापच एवढे झाले की पत्र भरलं. पाणी कुठं घालू?”

“शाप कमी कर.”

“कोरलेलं तांब्यावरून पुसता येत नाही, महाराज.”

आता कुणीच हलत नाही. बाईचा घडा पाझरतोय, टप टप टप, आणि मंडपभर तोच एक आवाज. गोदाक्काला वाटतं, आता कुणी काही बोललं नाही तर हे सगळं असंच थिजून बसेल, मांडीवरच्या गोळ्यासारखं. राजा हळूच बोट वर करतो.

“मग माणूस नेमा. पत्रात मावलं नाही ते तोंडानं सांगणारा.”

बोट गोदाक्काकडं आहे.

ती बुवांकडं वळते. ते शेजारी नाहीत. ते मागं उभे आहेत, तिच्या जागी, आणि तिची झांज त्यांच्या हातात वाजतेय. ती पुढं उभी आहे, बुवांच्या जागी. पायाखाली कीर्तनाची गादी आहे. समोर राजा, खांब, स्वामी, आणि जोड्यांपाशी ती बाई. 

“बोल की,” बुवा मागून म्हणतात.

“हे असं घडलं होतं?” ती मान न वळवता विचारते. “खरंच घडलं होतं, की तुम्ही रंगवताय?”

“स्वप्न तुझं आहे, गोदा. मला काय विचारतेस?”

“मेल्यावर तरी सरळ बोला!”

झांज थांबते.

“सरळ सांगतो,” बुवा म्हणतात, आणि हा आवाज कीर्तनातला नाही, जेवताना मीठ मागायचे तेव्हाचा आहे. “त्या साली मला दाराबाहेरच्या बायका दिसल्या. राजा नाही दिसला.”

“म्हणजे खोटं बोललात.”

“राजाचं नाव घेतलं ते खोटं. तहान खोटी नव्हती. माझ्या एकट्याचं कुणी ऐकलं नसतं, म्हणून राजाला पुढं उभा केला आणि मी त्याच्या मागं लपलो. जन्मभर लपलो. आता तू माझ्या मागं लपतेस.”

“मी काय करू मग?”

“राजानं काय दिलं ते राजाला विचारतील. तुला विचारतील, तू काय देतेस. ओंजळ कर.”

मंडप नाही. झऱ्याच्या पायऱ्या आहेत, पायाखाली शेवटची, बुळबुळीत. बुवा उपरणं पिळतात आणि पाणी तिच्या ओंजळीत पडतं, थंडगार, खूप, एका उपरण्यात मावणार नाही एवढं.

“सोड उदक.”

“दान तुम्ही करायचं,” गोदाक्का रडकुंडीला येते. “मी नुसता हात लावायचा. आजवर तसंच झालंय.”

“माझा हात लागत नाही आता. बघ.”

ते आपला हात तिच्या हाताखाली धरतात. काही लागत नाही. वारासुद्धा नाही.

ओंजळ जड होतेय. तिला ती उघडायची आहे, पण बोटं ऐकत नाहीत. ती मिटतायत. उघडली आणि पाणी नुसतं मातीत गेलं तर? कुणी घेतलंच नाही तर? कुणाच्याच कानावर पडलं नाही तर? वर पायऱ्यांच्या तोंडाशी ती घडेवाली उभी आहे, वाट बघतेय. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. ठक. ठक. ठक. कुणीतरी दार बसवतंय.

“वहिनी!”

ठक ठक ठक.

“अहो वहिनी, जीप येऊन उभी राहिली. उठताय ना? का बेत बदलला?”

दारावर शंभूनाथांची अंगठी वाजतेय.

गोदाक्का डोळे उघडते. वासा, मुंगळे, लाल फडकं. फडक्याखाली ताम्रपट जिथल्या तिथं आहे. उंबऱ्यावर कुणी नाही. बुक्क्याचा वास आहे, पण तो या खोलीला नेहमीच असतो.

तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडते.

तळहात ओला आहे. आणि तळहाताच्या रेघांत, बोटांच्या पेरांत, हिरवंगार शेवाळ. झऱ्याच्या शेवटच्या पायरीवर धरतं ते. गुडघा धरल्यापासून गोदाक्का त्या पायऱ्या उतरलेली नाही. या खोलीत पाण्याचं भांडंही नाही.

 ती मूठ पुन्हा मिटते, डाव्या हातानं कडी उचलते आणि दार उघडते.

अंगणात सावल्या लांबल्या आहेत. केंकरे बाई ओटीवर बसल्या आहेत, तांबटानं पोतं पसरलंय. निम्मं गाव जमलंय. चिंचेपलीकडं खालवाडीच्या बायका, घागरी घेऊन, आणि कुणाचीही मान वर नाही. गोदाक्का चपापते. हे तिनं आत्ताच पाहिलंय.

“मग?” शंभूनाथ म्हणतात. “कापायची ना कडी?”

“कापायची. पण थांबा, भावजी. आज दान ऐकवायचं राहिलंय.”

“आज कुठली शिवरात्र?”

 गोदाक्का कडी झुलवते. छन्न्! सवयीनं साऱ्यांचे हात जोडले जातात, शंभूनाथांचेसुद्धा. ते घाईनं खाली घेतात, पण लोकांनी बघायचं ते बघितलं.

“ऐका,” ती म्हणते. आवाज कापतोय आणि ती तो तसाच कापू देते. “बैठकीत मी म्हणाले, पत्रात असेल तेच मला मान्य. ते मी चुकीचं बोलले. मला माझ्या माणसाची लाज राखायची होती. पत्रात पाणी असेल की नाही, मला ठाऊक नाही. बुवांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पदरचं घातलं होतं.”

चिंचेवरचा कावळा उडतो. हौसाबाईच्या हातातली घागर खाली टेकते.

“बघा!” शंभूनाथ टाळी वाजवतात. “ऐकलंत ना सगळ्यांनी?”

“पुढचंही ऐका की, भावजी. पत्रात पाणी निघालं, तर ते राजानं दिलं. नाही निघालं, तर मी देते. पिणाऱ्याच्या आड दार यायचं नाही.”

“तुमच्या हातात आहे का ते?”

“कडी कापायला संमती कुणाची लागते? माझी ना? मठाची किल्ली कुणाकडं? मग तोडायला माझा हात चालतो आणि द्यायला चालत नाही, हे कुठलं शास्त्र? केळीला पाणी न्या, रात्रभर न्या, मी अडवत नाही. पण आधी घागरी.”

कुणीतरी फिस्सकन हसतं. “हत्तीचं काय मग, शंभूअण्णा?” मागून एक आवाज येतो, आणि ताणलेलं अंगण एकदम सैल होतं. शंभूनाथ आजूबाजूला बघतात आणि तांबटाला करवत काढायची खूण करतात.

केंकरे बाई तेवढ्या हसत नाहीत. त्या हळूच म्हणतात, “अक्का, बहुतेक अशा पत्रात हेच असतं. आधीच्यांनी दिलेलं मी पुन्हा देतो, असं राजा म्हणतो.”

गोदाक्का हौसाबाईच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरते. गुडघा दर पायरीला ओरडतो. शेवटच्या पायरीवर ती खाली बसते, धारेखाली हात धरते आणि मूठ उघडते. शेवाळ पाण्याबरोबर सुटून जातं. तळहातावर हिरवी रेघ तेवढी राहते, आणि ती पुढं कितीतरी दिवस चिंचेनं घासूनही गेली नाही, असं हौसाबाई सांगते.

कडी कापली. पत्रं पोत्यावर मांडली. केंकरे बाई भिंग लावून ओणव्या झाल्या. शेत निघालं, ओढा निघाला, वड निघाला, तेल आणि भात निघाला. मग शाप, शापावर शाप. पाणी निघालं नाही.

“ही शेवटची ओळ बघा,” बाई म्हणाल्या. “अक्षरं किती दाटीवाटीनं कोरलीत, पार काठाला भिडलीत. आणखी काही सांगायचं असतं तरी जागा उरली नव्हती बिचाऱ्याला.”

गोदाक्कानं पदराखाली तळहात मिटला. 

झालं. पायऱ्यांच्या तोंडाशी दार काही बसलं नाही. राजाचं नाव पत्रात आहे, तुम्ही नाही घेतलंत तरी चालेल. बुवांना घळवाडीत आठवणारे पुष्कळ आहेत. पण ती जोड्यांपाशी उभी राहिलेली, ओल्या लुगड्याची, घडा घेतलेली बाई कुठल्याच पत्रात नाही. खरी होती की गोदाक्काच्या झोपेतली, ते मला सांगता येणार नाही. पाणी प्याल तेव्हा, पहिल्या घोटाआधी, तेवढी तिची आठवण काढा.